तक्त्यावरची कविता

३ मार्च, सोमवार

नवी कविता काल बाबांकडून परत आली. एकही लाल खूण नाही! "निर्दोष आहे," म्हणाले आणि कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. दोन वर्षं झाली, माझ्या कवितेवर बाबांची लाल पेन्सिल उठलेली नाही. चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेला माणूस. मी लहान असताना जेवायला बसलं की ताटाच्या कडेवर बोटं वाजवून लघु-गुरू मोजायला लावायचे. चुकलं की हातातला घास खाली ठेवायचा. वरण गार झालं तरी चालेल, पण वृत्त चुकता कामा नये. अशा माणसाच्या तोंडून "निर्दोष" ऐकायला काय लागतं ते माझं मलाच ठाऊक.

दुकानात जाऊबाईंना सांगितलं. त्या काउंटरवर फ्रेमा पुसत होत्या. "निर्दोष तर साधी काचसुद्धा असते," म्हणाल्या, "पण नंबर बरोबर हवा ना." चष्म्याच्या दुकानात पंधरा वर्षं काढल्यावर माणूस असाच बोलायला लागतो. मी मनावर घेतलं नाही. त्यांना कवितेतलं ओ की ठो कळत नाही.

८ मार्च, शनिवार

वाचनालयाच्या वरच्या खोलीत शनिवारचं मंडळ. आम्ही नऊ जण, एक पंखा, आणि तोही बोलतो.

ग्रंथपालबाईंनी आज नवीनच टूम काढली. महिनाअखेरीस वाचायची कविता कुणीही आपल्या नेहमीच्या पद्धतीची आणायची नाही. आपापल्या कामातली एखादी वस्तू घ्यायची — पावती, वेळापत्रक, सूचनेची पाटी, जे असेल ते — आणि तिच्या आकारात लिहायचं. वेल्डरने तिथल्या तिथे एक रचून ऐकवली. "सावधान. काम चालू आहे. आत माणूस आहे." आधी सगळे हसले, मग कुणीच हसेना.

मी म्हटलं, "याला कविता म्हणायचं?"

वेल्डर म्हणाला, "ताई, मला काय माहीत. मी आपला पाटी वाचत होतो."

ग्रंथपालबाई माझ्याकडे वळल्या. "तुमचं वृत्त पक्कं आहे, त्यात वादच नाही. पण तुमची कविता ऐकताना पुढची ओळ मला आधीच कळते." अगदी सहज म्हणाल्या, चहाचे कप गोळा करता करता. तोंडात मारल्यासारखं झालं मला.

ठीक आहे. करून दाखवते. मी काय घाबरते की काय!

९ मार्च, रविवार

घाबरते.

१० मार्च, सोमवार

रात्रीचं जेवण आटोपून पावतीच्या आकारात लिहायला बसले. पावती झाली, पण तिचंही भुजंगप्रयात वृत्त झालं. चष्म्याच्या घराची सूचना लिहिली. तिला यमक जुळलं. फाडून टाकली. बोटं आपोआप टेबलावर वाजतात, त्याला मी काय करू? कुणी झोपेत चालतं तसं माझं झालंय, मी जागेपणी मोजते.

नवरा विजेच्या मीटरचे आकडे वहीत भरत समोरच बसला होता. "अगं, तबला बंद कर," म्हणाला. "तेरा मजल्यांचे आकडे परत मोजायला लावलेस."

१२ मार्च, बुधवार

आज दिवसभरात मी "आता? आणि आता?" हे किती वेळा म्हणते ते मोजलं. दुपारपर्यंत दोनशे दहा. मग सोडून दिलं.

"हनुवटी इथे टेका. पापणी मिटू नका. डावा डोळा झाका. पहिलं बरं की दुसरं? आता? आणि आता?" बावीस वर्षं मी हे म्हणत आले आणि एकदाही कानावर घेतलं नाही. आज घेतलं. माणसं किती जिवावर आल्यासारखी उत्तर देतात! एक शिंपीणबाई तर म्हणाली, "दोन्ही सारखंच दिसतंय हो, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून दुसरं म्हणते."

आणि तो तक्ता. भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीत लावलेला. वर एकच अक्षर, हाताच्या पंज्याएवढं. खाली दोन, मग तीन, मग चार, लहान लहान होत शेवटच्या ओळीत मुंगीएवढी. प्रत्येक जण मोठ्याने वाचतो. पडद्यापलीकडे बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जातं. वरच्या ओळीला सगळ्यांचा आवाज मोठा असतो, खाली येता येता तो अक्षरांबरोबर लहान होतो.

दुपारी डबा खाता खाता एकदम लक्षात आलं. आकार तर माझ्या समोरच टांगलेला आहे.

१५ मार्च, शनिवार

झाली! डावा हात मांडीखाली दाबून लिहिली, म्हणजे बोटांना वाजायची सोयच नाही. हाताला मुंग्या आल्या, पण झाली.

तू
थांब जरा
हनुवटी इथे टेक
एक डोळा हाताने झाक
आता सांग, समोर कोण बसलंय
ज्याला रोज बघतेस, आणि म्हणून बघत नाहीस, तो

प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा लहान अक्षरात. शेवटची इतकी बारीक की उठून जवळ गेल्याशिवाय वाचताच येऊ नये. वृत्त नाही. यमक नाही. पडायला झालं की धरायला काही नाही, आणि तरी पडली नाही. मी तीनदा उठून आरशात बघून आले. माझाच चेहरा होता, पण भारी खूश होता.

१७ मार्च, सोमवार

नवऱ्याला दाखवली. त्याने वाचली, कागद नाकाशी नेऊन शेवटची ओळ वाचली, आणि म्हणाला, "ही मला कळली." लग्नाला चोवीस वर्षं झाली. आजवर तो माझ्या कवितांना "छान" म्हणत आला आणि मी ते खरं धरत आले. आता काय म्हणायचं याला?

"कुणावर आहे?" त्याने विचारलं.

"कुणावर नाही. गिऱ्हाइकांवर."

जाऊबाई म्हणाल्या, "शेवटच्या ओळीला डोळे ताणावे लागतात." मी म्हटलं, तेच तर. त्यावर त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

राहिले बाबा. चौदा वर्षांची असताना मी एकदा मुक्तछंदात लिहिलं होतं. बाबांनी कागद वाचला, परत दिला आणि म्हणाले, "हे पत्र आहे. कुणाला पाठवायचंय?" आवाजसुद्धा चढवला नाही. त्यानंतर बत्तीस वर्षं मी वृत्ताबाहेर पाऊल टाकलं नाही. मंडळातल्या आठ जणांनी नावं ठेवली तरी चालेल मला. बाबांनी पुन्हा तसं म्हटलं तर चालणार नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची नाही.

२० मार्च, गुरुवार

युक्ती सुचली आहे. बाबा सोमवारी सहामाही तपासणीला दुकानात येणार. नेहमीसारखे अर्धा तास आधी येऊन बाकावर बसतील, आणि मग खुर्चीत. मी कवितेचा तक्ता छापून घेतलाय — तीच लांबीरुंदी, तोच जाड कागद, अक्षरांची तीच मापं. तो पेटीत लावते. त्यांना वाटेल नेहमीचा. वाचतील, वाचता वाचता कळेल. मी काचा बदलत मागे उभी, अंधारात. माझं तोंड त्यांना दिसणार नाही आणि त्यांचं मला. हातात कागद देऊन समोर उभं राहण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

भित्रेपणा आहे, कबूल. पण डोकं चालवून केलेला भित्रेपणा आहे.

२४ मार्च, सोमवार

नीट क्रमाने लिहिते.

बाबा दहाला आले, बाकावर बसले. मी आत एका बसड्रायव्हरचे डोळे तपासत होते, जुन्याच तक्त्यावर. तो गेल्यावर पेटी उघडली, माझा तक्ता लावला. बाबांना खुर्चीत बसवलं, तपासणीची चौकट नाकावर चढवली, डावा डोळा झाकला. दिवा लावला.

"वाचा."

"म," बाबा म्हणाले. "क, ट. प, र, ल. न, ग, व, स."

मला आधी वाटलं, गंमत करताहेत. पण बाबांना गंमत करता येत नाही. ते तसेच पुढे, एका लयीत, जरा ताल धरून, पाचवी ओळ, सहावी ओळ. एकही अक्षर चुकलं नाही. सगळी जुन्या तक्त्यावरची. समोर हाताच्या पंज्याएवढं "तू" उजेडात उभं होतं.

मी म्हटलं, "बाबा, सगळ्यात वरचं परत वाचा."

"म."

"बाबा, आज तक्ता वेगळा आहे."

त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यावर होते, ते तिथून उचलून मांडीवर ठेवले. मी डावीकडची झाकणी उजव्या डोळ्यावर लावली आणि पुन्हा विचारलं. मग ते म्हणाले, "काहीतरी काळं आहे. एवढंच."

मी पुढे येऊन त्यांच्या गुडघ्याशी बसले. किती दिवस? तर म्हणाले, "दोन वर्षं होतील. आधी मधोमध पुसल्यासारखं झालं. कडेकडेने दिसतं, रस्ता कळतो. अक्षर दिसत नाही." मग गेल्या सप्टेंबरात सहाव्या ओळीपर्यंत कसं वाचलं? "बाकावर बसून," म्हणाले. "तुझी गिऱ्हाइकं मोठ्याने वाचतात. चार जण गेले की पाठ होतं. एकवीस तर अक्षरं आहेत." ज्या माणसाला बावीस वृत्तं उदाहरणांसकट पाठ आहेत, त्याला एकवीस अक्षरं कितीशी!

बावीस वर्षं हजारो डोळे तपासले मी. कुणी आवाज नुसता लांबवला तरी ओळखते की हा अंदाजाने सांगतोय. आणि स्वतःच्या बापाला तोच तक्ता, त्याच ओळी, दर सहा महिन्यांनी. मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलात का, मी विचारायचे. ते हो म्हणायचे. मी पुढे विचारलंच नाही. मला माझा राग आला, त्यांचाही आला. जाऊबाईंनी दुकानाची पाटी फिरवून "बंद" केली आणि बाबांसाठी रिक्षा आणली.

२५ मार्च, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं पाहिलं. डावा गेला. उजव्यात थोडं उरलंय, तेवढं टिकवता येईल असं म्हणाल्या. दर महिन्याला डोळ्यात सुई. बाबांनी विचारलं, "वाचता येईल?" त्या म्हणाल्या, "मोठा मथळा, भिंगातून, कदाचित." बाबा त्यांना "आभारी आहे" म्हणाले, जसं शाळेत तपासनिसांना म्हणायचे.

घरी आल्यावर मी विचारलं, का लपवलंत? मला वाटलं, तुला काळजी नको, असलं काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "वाचता येत नाही म्हटलं असतं तर तू कागद आणणं बंद केलं असतंस. रविवारी तू येतेस, कागद देतेस, अर्धा तास बसतेस. मग कशाला आली असतीस?"

इतका राग होता माझ्यात, आणि तो सगळा जागच्या जागी विरून गेला. मी रडले. बाबा म्हणाले, "चहा टाक."

२६ मार्च, बुधवार

मग काल रात्री कळलं. लिहायला हात धजत नव्हता, पण लिहिते. दोन वर्षं "निर्दोष"! एकही लाल खूण नाही!

त्यांनी त्या वाचल्याच नव्हत्या.

आज दुपारी दुकानात पडद्यामागे बसून त्या दोन वर्षांतल्या एकवीस कविता काढल्या आणि स्वतः तपासल्या. एका मंदाक्रांतेत यती, म्हणजे थांबायची जागा, चुकलीय. तिघींमध्ये ओढूनताणून गुरू केलाय. एकीत तर आख्खी ओळ एका अक्षराने जास्त. बारीकसारीक धरून नऊ चुका, बाबांच्या हिशेबाने नऊ घास. पण त्याहून वाईट म्हणजे ग्रंथपालबाईंचं बरोबर होतं. तिसऱ्या ओळीवरून चौथी मलाही कळत होती, आणि मी तर लिहिणारी.

दोन वर्षं मी ज्याच्या धाकात लिहीत होते तो समोर नव्हताच. धाक माझा मीच पाळला होता, खायला-प्यायला घालून. हे लक्षात आल्यावर मला हसूच फुटलं. जाऊबाईंनी पडदा बाजूला करून पाहिलं. "डॉक्टरला दाखवायची पुढची पाळी तुमची का?" म्हणाल्या.

२७ मार्च, गुरुवार

संध्याकाळी बाबांकडे. कागद नेलाच नाही. त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हटलं, "सोमवारी तक्त्यावर काय होतं ते ऐकायचंय?" आजवर मी त्यांना कविता कधी वाचून दाखवली नव्हती. कविता कागदावरच तपासायची, असा आमच्याकडचा दंडक.

म्हटली. सहा ओळी, वीस सेकंद. शेवटच्या ओळीला आवाज बारीक केला. ती ओळ म्हणताना समोर बाबा होते आणि मी त्यांच्याकडेच बघत होते. गिऱ्हाइकांवर म्हणे! माझं मलाच कळलं नव्हतं.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ही कविता नाही."

बत्तीस वर्षं मी अशा वाक्याला घाबरले. ते आलं, आणि मी खुर्चीतच होते, पंखा चालू होता, खाली कुणीतरी स्कूटर पुसत होतं.

"मला वाटतं, आहे," मी म्हटलं.

"वृत्त नाही. आधार कशाचा आहे तिला?"

"वाचणाऱ्याला उठून जवळ यावं लागतं, त्याचा."

"माझ्यासारख्याने कितीही जवळ येऊन काय उपयोग?"

"तुम्हाला मी म्हणून दाखवीन."

"शेवटच्या ओळीत दोन स्वल्पविराम आहेत," बाबा म्हणाले. "ऐकू आले. पहिला काढ."

"नाही काढणार."

आमच्यात कवितेवरून हे पहिलंच भांडण. आठ वाजेपर्यंत चाललं. निघताना ते दारापर्यंत आले, भिंतीला हात न लावता, मुद्दाम. "रविवारी ये," म्हणाले. "भांडण अर्धं राहिलंय."

२९ मार्च, शनिवार

मंडळात तक्ता घेऊन गेले. खिळ्याला टांगला आणि बाजूला उभी राहिले. "मी वाचणार नाही. तुम्ही वाचा."

पहिल्या तीन ओळी सगळ्यांनी बसल्या जागी वाचल्या. चौथीला माना पुढे आल्या. पाचवीला ग्रंथपालबाई उठल्या. सहावीला आठही जण तक्त्याशी, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावताहेत, कुणी चष्मा वर करतंय, कुणी खाली. आणि मग ती ओळ वाचून झाल्यावर प्रत्येकाने नकळत शेजाऱ्याकडे पाहिलं. मी पाहिलं ते. वेल्डरने तर शेजारच्या आजोबांना विचारलं, "काका, तुम्ही राहता कुठे?" चार वर्षं ते शेजारी बसताहेत.

ग्रंथपालबाई मला म्हणाल्या, "पुढची ओळ कळली नाही हो या खेपेला."

मी वृत्त सोडलंय असं नाही. सोडणारही नाही, हाताला आहे ते. पण पुढच्या महिन्यात पत्राच्या आकारात लिहिणार आहे. मग एक नुसत्या प्रश्नांची. मग एक अशी, की जिला काय म्हणतात ते मलाही ठाऊक नाही. शेहेचाळीस हे काही वय नाही.

३१ मार्च, सोमवार

सकाळी अकराला दुकानात बाबांचा फोन. गिऱ्हाईक खुर्चीत, चौकटीत काच अर्धीच बसवलेली. "कागद घे," म्हणाले, आणि सांगायला लागले. तपासणीच्या चिठ्ठीच्या पाठीवर उतरवून घेतलं.

तुझ्या चेहऱ्याच्या जागी आता
एक करडा ठिपका असतो असं म्हणता येईल
तो दारात दिसला
की मी ओळखतो
तू आलीस

"कुणाची?" मी विचारलं.

"माझी. एकोणऐंशीव्या वर्षी पहिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्याच तपासल्या." मी चिठ्ठी पुन्हा वाचायला लागले, तर, "अगं, बोल काहीतरी. भीती वाटते."

दुसरी ओळ ढिली आहे, म्हटलं. "मलाही तेच वाटत होतं," म्हणाले आणि फोन ठेवला. बाराच्या आत त्यांचा फोन आणखी तीनदा आला.